लहान मुलांसाठी घरी केलेली, सोबत नेता येणारी स्पर्शखेळांची पेटी

कतरण (धागाकर्ती)

दीड ते चार वर्षांच्या मुलांना चाचपता येतील, ओढता-सोडता येतील, कानाशी धरून हलवता येतील अशा वस्तूंची एक लहान पेटी घरच्या घरी तयार करता येते आणि ती एसटीत, रेल्वेच्या डब्यात, दवाखान्याच्या बाकावर किंवा लग्नाच्या कार्यालयात सोबत नेता येते. आमच्या घरी अशी पेटी नित्य वापरात आहे. धाकटी दोन वर्षांची आणि थोरला साडेचार वर्षांचा, अशी दोन्ही वये एकाच घरात असल्यामुळे कोणती वस्तू कोणाच्या हाती द्यावी याचा विचार आम्हांला सतत करावा लागला. तो येथे सविस्तर मांडते आहे. इतरांनी भर घालावी आणि जेथे पटणार नाही तेथे स्पष्ट लिहावे, ही विनंती.

आधी माझे ठाम मत सांगते. अशा पेट्यांची जी चित्रे सध्या सर्वत्र दिसतात, त्यांत रंगवलेला तांदूळ, साबुदाणा, मणी, कडधान्ये असा सुटा माल ओतलेला असतो. घरी जमिनीवर चादर अंथरून, शेजारी मोठे माणूस बसलेले असताना हा खेळ चांगलाच रंगतो. परंतु प्रवासात तो निरुपयोगी ठरतो आणि तीन वर्षांच्या आतील मुलासाठी तर धोक्याचा असतो. म्हणून सोबत नेण्याच्या पेटीत धान्य पिशवीत शिवून बंद असावे आणि मुलाच्या हाती कापड यावे, असे मला वाटते. सोलापुरात हे करणे अवघड नाही. ज्या शहरात चादर आणि टॉवेल विणले जातात आणि राज्यभरातल्या शाळांचे गणवेश शिवले जातात, तेथे कापडाचे तुकडे मिळवण्यासाठी कोणाला फार विनवावे लागत नाही.

आमच्या पेटीचा मुख्य भाग म्हणजे तळहाताएवढ्या चौकोनी कापडांच्या जोड्या. टेरी टॉवेल, चादर, मांजरपाट, जुन्या इरकलीचा पदर, खण, घोंगडी आणि धुऊन मऊ केलेले गोणपाट, यांचे प्रत्येकी दोन तुकडे घेतले, कडा दोनदा दुमडून शिवल्या आणि एका पिशवीत एकत्र ठेवले. मोठ्या मुलाने डोळे मिटून पिशवीत हात घालायचा, एक तुकडा बाहेर काढायचा आणि नंतर फक्त हाताने चाचपून त्याचा जोडीदार शोधायचा. घोंगडी आणि गोणपाट दोन्ही खरखरीत असल्यामुळे सुरुवातीला तो त्यांत गोंधळत असे. आता लोकरीची ऊब आणि तागाचा कोरडेपणा त्याच्या बोटांना वेगळा कळतो. खण आणि इरकल यांच्या बाबतीत तो अजूनही काठावरून बोट फिरवून निर्णय घेतो, हे पाहण्यासारखे असते. धाकटीला जोड्यांशी काही देणेघेणे नाही. ती टॉवेलचा तुकडा गालावर घासते, गोणपाट दूर सारते आणि तेवढ्यात रमते. तिच्या वयाला तेवढे पुरेसे आहे, असे मी मानते.

दुसरा भाग धान्याच्या पिशव्यांचा. मांजरपाटाची आतली पिशवी दुहेरी टाक्यांनी पूर्ण बंद करावी आणि तिच्यावर धुण्यासाठी काढता येईल असे दुसरे आवरण शिवावे. एका पिशवीत ज्वारी, दुसरीत धुऊन वाळवलेली वाळू, तिसरीत कापूस भरावा. बाहेरचे कापड एकच ठेवले तर दिसायला तिन्ही सारख्या दिसतात. उचलल्यावर मात्र वजनाचा आणि दाबल्यावर आतल्या मालाचा फरक कळतो. ज्वारी भरण्यापूर्वी कडक उन्हात वाळवावी किंवा हवाबंद पिशवीत घालून तीन-चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवावी, म्हणजे सोंडे होत नाहीत. कढईत भाजून घ्यायची असेल, तर आच अगदी मंद ठेवावी, नाहीतर लाह्या फुटू लागतात.

आकाराविषयी एक सोपी चाचणी सांगते. जाड कागदाची बरोबर 10 सेंटिमीटर लांब आणि सुमारे 6 सेंटिमीटर रुंद पट्टी घ्यावी आणि तिची टोके एकमेकांना भिडवून चिकटवावीत. सुमारे 3.2 सेंटिमीटर व्यासाची नळी तयार होते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी ज्या नळकांड्याने करतात, त्याचा व्यास 31.7 मिलिमीटर असतो, त्यामुळे आपली ही नळी त्याच्या अगदी जवळ जाते. जी वस्तू न दाबता या नळीत पूर्ण मावते, ती लहान मुलाच्या घशात अडकू शकते आणि म्हणून ती पेटीत ठेवू नये. बटणे, चिंचोके, सागरगोटे, शेंगदाणे, गोट्या हे सर्व या चाचणीत बाद होते. बटणांऐवजी मी कापडाची वळलेली, बोरापेक्षा बरीच मोठी गुंडी आणि तिला साजेसे कापडी फासे शिवले आहेत. नाडी कोठेही वीतभरापेक्षा लांब ठेवलेली नाही, कारण लांब नाडी गळ्याभोवती जाण्याची भीती असते.

पेटी म्हणून पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा, बाजूंना खटके असलेला सपाट डबा घ्यावा. उंची चार बोटांपेक्षा अधिक नसली, तर तो मांडीवर ठेवून खेळता येतो. खटके लहान बोटांना चिमटतात का, हे आपल्या बोटाने तपासावे. झाकणाच्या आतील बाजूस घोंगडीचा तुकडा चिकटवला की त्यावर वस्तू मांडता येतात आणि गाडीच्या हादऱ्याने त्या घसरत नाहीत.

भाकरतुकडा

ताई, लेख फार उपयुक्त आहे. कापडाला प्राधान्य देण्याचे आपले म्हणणे पटले, परंतु ओल्या स्पर्शाचे काय? पीठ मळण्याचा आनंद कोणत्याही कापडाने मिळणार नाही. आमच्याकडे आजीबाई भाकरी करायला बसल्या की नात परातीपाशी हजर असते आणि तिला लिंबाएवढा गोळा मिळाल्याशिवाय ती हलत नाही. ज्वारीचे पीठ गार पाण्यात भिजवले तर गोळा लगेच चिरतो. गरम पाण्याने मळले तर तो एकजीव होतो. हा फरक तिच्या हातांना आमच्या आधी कळतो. गव्हाच्या कणकेचा गोळा ताणला जातो आणि ज्वारीचा तुटतो, याचेही तिला मोठे नवल वाटते. गरम पाणी अर्थातच मोठ्यांनी घालावे आणि गोळा हाताला सोसेल इतका निवल्यावरच मुलाला द्यावा. हा गोळा पेटीतून नेता येईल का?

कतरण (धागाकर्ती)

ज्वारीचा गोळा त्याच दिवशी संपवावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो दुपारपर्यंतच आंबतो. प्रवासासाठी मीठ घातलेला मैद्याचा गोळा बरा. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तेवढे पाणी घालून मंद आचेवर शिजवत गोळा करावा, निवल्यावर चांगला मळावा आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. हळद किंवा बीटाच्या रसाने रंग येतो, मात्र हळदीचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत, म्हणून प्रवासात बीटच सोयीचे. शिजवण्याचा टप्पा गाळू नये, कारण कच्च्या पिठातही जंतू असू शकतात आणि मुले गोळा चाटतातच. यात मीठ भरपूर असल्यामुळे तो मुलाला खाऊ देणे मात्र योग्य नाही. सर्व काही तोंडात घालण्याच्या वयात हा गोळा देऊच नये, आणि भाकरीच्या कच्च्या पिठाचा गोळाही नको; त्या वयाच्या मुलांना कापडच बरे.

यंत्रमाग

माझे सारे आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात मागांवर गेले, म्हणून कापडाविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

टॉवेलला दोन ताणे असतात. एक ताठ असतो आणि दुसरा सैल सोडलेला असतो. काही आडवे धागे विणून झाल्यावर फणी ते सर्व एकदम पुढे ठोकते, तेव्हा सैल ताण्याचे वेढे कापडावर उभे राहतात आणि तोच टॉवेलचा मऊपणा. याचा अर्थ असा की तुकडा कापल्यावर कडेचे वेढे सुटू लागतात आणि ओढला की एकच धागा हातभर बाहेर येतो. असा सुटा धागा लहान मुलाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोटाचा रक्तप्रवाह थांबू शकतो, त्यामुळे बाईंनी कडा दोनदा दुमडण्याची जी सूचना केली आहे ती कोणीही टाळू नये. शक्य असेल तेथे तुकडा काठाच्या बाजूने घ्यावा. मूळ काठ कधी सुटत नाही. प्रत्येक धुण्यानंतर तुकडे उजेडात धरून सुटलेले धागे कापावेत.

दुसरी गोष्ट चादरीची. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या आपल्या सोलापुरी चादरीची नक्षी दोन्ही बाजूंना उमटते, परंतु रंग उलटे होतात. एका बाजूला तांबड्या जमिनीवर पांढरा मोर असेल, तर मागे पांढऱ्या जमिनीवर तांबडा मोर दिसतो. तुकडा घेताना मोराचे तोंड किंवा फुलाची एक पाकळी पूर्ण येईल असा कापावा. मूल उलटसुलट करून पाहत बसते. माझ्या नातवाला हा खेळ कोणी शिकवला नाही, त्याने तो आपणहून शोधला. साध्या छापील कापडात ही गंमत नाही, म्हणून छापील चादरीचा तुकडा घेऊ नका, विणलेलाच घ्या.

नवे कापड खळीचे असते. ते दोनदा धुऊन, रंग सुटत नाही याची खात्री करून मगच मुलाच्या हाती द्यावे.

निवृत्त_सेविका

मी अंगणवाडीत काम केले आहे. या धाग्यावर जे चालले आहे त्याची पाळेमुळे जुनी आहेत, हे नव्या पालकांना कळावे म्हणून लिहिते. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले, तेव्हापासून कापडांच्या जोड्या, खरखरीत-गुळगुळीत पाट्या, आवाजाच्या डब्या ही साधने बालशिक्षणात आली. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढले आणि ताराबाई मोडक यांनी त्यांच्याबरोबर काम केले. पुढे 1945 मध्ये ताराबाई आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तेथे आणि नंतर कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासह काम करताना महागड्या साधनांऐवजी पाने, शंखशिंपले, खडे, बिया अशा आसपासच्या वस्तूंतून त्यांनी शिकवण्याची साधने उभी केली. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांच्या ओळखीच्याच त्या वस्तू होत्या. सोलापूरच्या मुलाला घोंगडी, ज्वारी आणि टॉवेल द्यावा, हे त्याच विचाराला धरून आहे.

अनुभवातून एक सूचना करते. पेटीत वस्तू कमी ठेवाव्यात. पंधरा वस्तू एकदम पुढे आल्या, तर मूल एकेक उचलून फेकते. चारच असल्या, तर एकेकीकडे वळून पाहते. उरलेल्या वस्तू घरी कपाटात ठेवाव्यात आणि आठवड्याने बदलाव्यात. आणि मूल खेळत असताना "हे मऊ आहे, हे खरखरीत आहे" असा सतत धडा देऊ नये. ते स्वतः काही म्हणाले, तर त्याला उत्तर द्यावे.

नवीपेठकर

माझ्या बहिणीने मुलासाठी पाण्यात फुगणारे रंगीत मणी मागवले आहेत. दिसायला सुंदर आहेत आणि वजनाला हलके असल्यामुळे प्रवासात सोयीचे वाटतात. पेटीत चालतील का? तसेच शेतावरून आणलेल्या गुंजा घरी आहेत. त्या धान्याच्या पिशवीत भरता येतील का?

कतरण (धागाकर्ती)

दोन्ही गोष्टी अजिबात नकोत.

फुगणारे मणी गिळले गेले तर पोटात जाऊन पाणी शोषत वाढत राहतात आणि आतड्यात अडकू शकतात. एक मणी सोफ्याखाली गेला आणि कोणाच्या लक्षात आला नाही, एवढ्यावरही प्रसंग ओढवू शकतो. घरात लहान मूल असेल, तर ते घरातच ठेवू नयेत. बहिणीला आजच सांगावे.

गुंजेच्या बीमध्ये तीव्र विष असते. अखंड बीचे कवच कठीण असते, पण ती चावली गेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली, तर विष शरीरात जाते. शिवलेल्या पिशवीतही नको, कारण टाका कधी उसवेल ते सांगता येत नाही. एरंडाच्या बिया, धोतऱ्याच्या बोंडातल्या बिया आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या यांनाही हेच लागू आहे. बिट्ट्यांनी आपल्यापैकी अनेकजण लहानपणी खेळले असतील. त्या हृदयावर परिणाम करणाऱ्या विषाच्या असतात आणि लहान मुलांपासून दूरच हव्यात. कच्चा राजमाही टाळावा. पिशवीसाठी ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ यांपलीकडे जाण्याची मला गरज दिसत नाही.

वासाच्या पुरचुंड्या करणार असाल, तर ओवा, जिरे, वाळा चालतात. कापूर आणि डांबरगोळ्या मात्र पेटीच्या आसपासही नकोत. कीड लागू नये म्हणूनही त्या टाकू नयेत. कापराची थोडी मात्रा पोटात गेली तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात.

परिचारिका_होटगीरोड

विषय निघालाच आहे, तर घशात काही अडकले तर काय करावे हे प्रत्येक घरात ठाऊक असावे. मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे, पाठीवर थापट्या मारू नयेत. खोकला क्षीण झाला, आवाज फुटेना, ओठ निळसर दिसू लागले, तर वेळ न घालवता एका वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात. तरीही न निघाल्यास उताणे करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडील भागाने पाच वेळा दाबावे. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून तशाच पाच थापा आणि नंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वरच्या दिशेने पाच वेळा दाब द्यावा. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे आणि दुसऱ्याने 108 क्रमांकावर फोन करावा. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून शोधू नये, ती आणखी खोल जाते.

आपल्याकडे शेंगदाणे आणि डाळी यांमुळे असे प्रसंग वारंवार येतात. ठसका लागला, नंतर मूल बरे दिसले, परंतु काही दिवसांनी खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर डॉक्टरांना त्या ठसक्याविषयी आवर्जून सांगावे. शेंगदाणा साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाही. नाकात किंवा कानात दाणा गेला, तर पाणी किंवा तेल घालू नये. पाण्याने दाणा फुगून अधिक घट्ट बसतो.

विजापूररोड

माझा मुलगा स्वमग्न आहे आणि त्याचे व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) सुरू आहेत. अशा पेटीने मुलाचे निदान किंवा उपचार होत नाहीत, हे आधी स्पष्ट करते. परंतु प्रतीक्षालयातल्या गोंगाटात ती आम्हांला खरोखर साथ देते. त्याला खरखरीत कापडाचा अतिशय त्रास होतो. सुरुवातीस नातेवाईक त्याचा हात धरून घोंगडीवर ठेवीत आणि तो किंचाळत असे. तसे कोणीही कोणत्याही मुलाशी करू नये. नको असलेला स्पर्श त्याच्यापासून हातभर अंतरावर ठेवावा, तो चमच्याने ढकलू इच्छित असेल, तर ढकलू द्यावा आणि तेथेच थांबावे. त्याला वजन आवडते. ज्वारीची किलोभराची पिशवी मांडीवर घेतली की तो शांत बसतो. पिशवी नेहमी मांडीवरच ठेवावी, अंगावर किंवा झोपेत पांघरूण म्हणून देऊ नये, हे आमच्या उपचारतज्ज्ञांनी निक्षून सांगितले आहे. प्रत्येक मुलाचे वेगळे असते, म्हणून आपापल्या तज्ज्ञांना विचारूनच वजन ठरवावे.

भाकरतुकडा

एक शंका राहिली. अन्नाशी खेळणे आमच्या सासूबाईंना रुचत नाही. ज्वारीच्या पिशव्यांना त्यांची हरकत आहे, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. या जिल्ह्यात दुष्काळ पाहिलेल्या पिढीचे ते म्हणणे आहे.

कतरण (धागाकर्ती)

त्यांचा मान राखावा. पिशवीत धुतलेली वाळू किंवा गणवेशाच्या कारखान्यातली बारीक कतरण भरली, तरी खेळ तितकाच होतो. आम्ही ज्वारी वापरतो ती शिवून बंद असते, पायाखाली येत नाही, आणि दर काही महिन्यांनी पिशवी उसवून ते धान्य गच्चीवर पाखरांना घालतो. पाण्याच्या खेळाविषयीही आमची अशीच भूमिका आहे. जेथे नळाला पाणी रोज येत नाही, तेथे बादलीभर पाणी खेळात घालवणे योग्य वाटत नाही. वाटीभर पाणी, एक गाळणे आणि एक चमचा पुरतो, उरलेले पाणी तुळशीला जाते. वाटीभरच असले, तरी मुलाला पाण्यापाशी एकटे सोडू नये.

नवीपेठकर

मणी बहिणीने टाकून दिले. आम्ही पुढच्या आठवड्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला जाणार आहोत. रात्रीच्या गाडीसाठी नेमके काय ठेवावे? मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे.

कतरण (धागाकर्ती)

रात्रीच्या गाडीत आवाजाच्या डब्या नकोत, शेजारी लोक झोपलेले असतात. टॉवेल, चादर आणि घोंगडी यांचा एकेक तुकडा, कापसाची आणि ज्वारीची एकेक पिशवी आणि गुंडी-फाशाची एक पट्टी एवढे ठेवा. प्रत्येक वस्तूला कापडी फासा शिवून तो वीतभर नाडीने डब्याच्या कडीला बांधता आला, तर बर्थखाली काही जात नाही. मात्र नाड्या दिवा असताना, आपण समोर बसलेले असतानाच वापराव्यात आणि मूल झोपले की डबा पूर्ण बंद करून बॅगेत टाकावा. गाडीत खाली पडलेले आवरण वेगळ्या पिशवीत टाका आणि घरी आल्यावर धुवा. आतल्या ज्वारीच्या पिशवीला पाणी लागू देऊ नका. ओलावा शिरला असे वाटले, तर वाळवत न बसता धान्य बदलूनच टाका.

यंत्रमाग

गुंडी-फाशाच्या पट्टीसाठी मांजरपाट दुहेरी घ्या आणि फासा पट्टीच्या आत दोन बोटे घेऊन आडवा-उभा शिवा. नुसता कडेला शिवलेला फासा मूल दोन दिवसांत उपटते.